अण्णाच्या हिरड्या आणि माझं व्याख्यान

मी आयुष्यभर कॉलेजात वाणिज्य शिकवलं. असा माणूस हिरड्यांतल्या जंतूंवर आणि कर्करोगावर व्याख्यान द्यायला उभा कसा राहिला, असं मला अजून लोक विचारतात. त्यातले निम्मे त्या दिवशी टाळ्या वाजवणारेच आहेत.

सुरुवात पेरूनं झाली. दुपारी जेवण झाल्यावर मी पेरूचा एक दणदणीत चावा घेतला आणि पाहिलं तर गर लाल. मला लाल पेरू फार आवडतो. पांढऱ्याच्या भावात विक्रेत्यानं चुकून लाल दिला म्हणून मी त्याची मनातल्या मनात कीव केली आणि बायकोला हाक मारून पेरू दाखवला. तिनं पेरूकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"पेरू पांढराच आहे," ती म्हणाली. "लाल तुम्ही आहात."

दातांची डॉक्टरीण इथं तंजावुरात, राजवाड्यामागच्या रस्त्यावर, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर बसते. तरुण पोर. तिनं एक बारीक, खुणा केलेली सळई घेतली आणि प्रत्येक दाताच्या कडेनं हिरडीत खुपसून आकडे म्हणायला सुरुवात केली. नर्स ते टिपून घेत होती. आकडे वाढत गेले तसा मी खूश होत गेलो. मोठा आकडा म्हणजे नफा, हे मी इतकी वर्षं पोरांना शिकवत आलेला माणूस. शेवटी मी मोठ्या आशेनं विचारलं की सगळ्यांत जास्त कुठं निघालं. ती म्हणाली, मागच्या दाढेशी. ती बहुतेक काढावी लागेल.

मग तिनं समजावून सांगितलं. हिरडी दाताला चिकटून असायला हवी. माझी सुटली होती. सुटली की मधे खाच पडते, खाचेत जंतू राहायला येतात, ते हिरडी आणि खालचं हाड हळूहळू खातात. आकडा म्हणजे त्या खाचेची खोली.

मला हे अपमानास्पद वाटलं. आमच्या घरात जंतू येणार कुठून? आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या कुणाचा ओठ भांड्याला लागलेला नाही. पाणी असो, कॉफी असो, टंबळर, आमचा पेला, तोंडापासून वर धरायचा आणि धार थेट घशात सोडायची. ओठ लागला की भांडं एच्चल, म्हणजे उष्टं. लहानपणी धार चुकून नाकात गेली तरी चालायचं, पण ओठ लागलेला चालायचा नाही. तंजावुरात हे सगळेच करतात, पण आम्ही मराठी घरांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. आमच्या आत्यानं म्हणे एका जावयाची परीक्षा ह्यावरच घेतली होती. मी हे सगळं डॉक्टरणीला अभिमानानं सांगितलं.

ती शांतपणे म्हणाली, "सर, ते टंबळरमधून येत नाहीत. ते तुमच्याकडेच राहायला आहेत. बऱ्याच वर्षांपासून."

पुढच्या खेपांना तिनं हिरड्यांखालून साफसफाई केली. माझं तोंड उघडं ठेवून ती बोलत असे, बहुधा मी बोलू नये म्हणून. त्यातच एकदा म्हणाली की हे हिरड्यांतले जंतू हल्ली शास्त्रज्ञांना भलत्याच ठिकाणी सापडायला लागलेत. त्यांतला एक तर मोठ्या आतड्यातल्या कर्करोगाच्या गाठींत सापडतो. आता तो तिथं जाऊन आग लावतो, की आग लागलेली पाहून शेकायला जातो, ह्याचा शोध चालू आहे. अजून नक्की कुणी सांगू शकत नाही.

तोंडात नळी असलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही. आणि प्रश्न न विचारता ऐकलेली गोष्ट अर्धीच आत जाते. पहिला अर्धा भाग माझ्या कानात राहिला. "अजून नक्की नाही" हा दुसरा अर्धा बहुधा त्या नळीनं थुंकीबरोबर ओढून नेला.

घरी आलो तो नवा धर्म घेऊनच. फोनवर जे मिळेल ते वाचलं. जिथं जिथं "असू शकेल" लिहिलं होतं तिथं मी मनात "आहे" वाचलं. बायकोला रोज सकाळी खिडकीपाशी उभं करून हिरड्या दाखवायला लावल्या. तिच्या हिरड्या गुलाबी, घट्ट, एक थेंब रक्त नाही. ह्याचा मला थोडा रागच आला.

आता आमच्या मंडळींचा एक रिवाज सांगायला हवा. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांतली आम्ही मराठी घरं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमधे जमतो. तिथं नेम असा, की जो नोकरीतून निवृत्त झाला त्यानं एकदा तरी मराठीतून व्याख्यान द्यायचं. विषय कुठलाही. पोरं टिफिनसाठी येतात, थोडं समजतात, बोलत काहीच नाहीत. मोठे मुद्दाम मराठी ऐकायला येतात आणि मधेच तमिळमधे शेजाऱ्याशी बोलतात. माझी पाळी मी कितीतरी दिवस टाळत आलो होतो, कारण वाणिज्यावर कोण ऐकणार. आता मला विषय मिळाला होता. सगळं भाषण मी मराठीतच लिहिलं, अर्थात तमिळ अक्षरांत. देवनागरी मला वाचता येते, पण लिहिताना हात थांबतो.

भाषण रंगलं. खाच, खाचेतला जंतू, जंतूचा आतड्यापर्यंतचा प्रवास, हे मी असं सांगितलं की जणू मी स्वतः त्याच्याबरोबर खिडकीशी बसून गेलो होतो. पुढच्या रांगेतली माणसं ओठ मिटून बसली. आणि मग मागून कुणीतरी विचारलं, ह्यातून सुटायचा मार्ग काय?

त्याचं उत्तर मी लिहून आणलं नव्हतं. गडबडून समोर पाहिलं तर पहिल्या रांगेत माझा अण्णा बसला होता.

अण्णा माझा थोरला भाऊ. रेल्वेत होता. मुलं दूरदेशी, शेजारच्या गल्लीत तो आणि वहिनी दोघंच राहतात. त्याचे दात चाळिशीपासून एकेक करून पडले आणि साठीच्या आधीच तोंड मोकळं झालं. कवळी आहे, पण ती तो लग्नकार्यात घालतो. एरवी ती शर्टाच्या खिशात असते, आणि खाली वाकला की पडते.

"हा माझा अण्णा," मी म्हणालो. "ह्याच्या तोंडात एकही दात नाही. दात नाही म्हणजे खाच नाही. खाच नाही म्हणजे जंतूला घर नाही. घर नाही तर हा कर्करोग ह्याच्याकडे येणार कुठून?"

टाळ्या पडल्या. अण्णानं उभं राहून सभेला तोंड उघडून दाखवलं. बोळक्या तोंडाची त्याला इतकी वर्षं लाज वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला त्याचा मान मिळाला. घरी जाताना त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, व्याख्यान आवडलं. व्याख्यान आवडलंच होतं, पण का आवडलं ते मला नंतर कळलं.

काही दिवसांनी वहिनी आली. ती एकटी आमच्याकडे कधी येत नाही. ओट्यावर बसली, बायकोनं पुढं केलेली कॉफी नको म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता जे होतं ते सांगितलं. अण्णाला पोंगलच्या आधीपासून शौचातून रक्त जात होतं. तो मूळव्याध म्हणायचा. त्यावर सुरण चांगला म्हणून ती त्याला रोज सुरण घालत होती. रक्त थांबेना. शेवटी तिनं हट्ट धरून त्याला पोटाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आतून दुर्बीण घालून बघायलाच हवं, आणि दिवसही ठरवून दिला. तो दिवस माझ्या व्याख्यानानंतर लगेचच येत होता. व्याख्यान ऐकून घरी गेल्याबरोबर अण्णानं दवाखान्यात फोन केला आणि येत नाही म्हणून कळवलं.

"भावजी," वहिनी म्हणाली, "इतके दिवस भांडून भांडून मी त्यांना तयार केलं होतं. तुम्ही एका वाक्यात मोडलंत."

मला आठवलं, मी त्यांच्याकडे जेवायला गेलो की पानात सुरणच. सुरणाची भाजी, सुरणाचे काप, सांबारात सुरण. मी चेष्टाही केली होती की अण्णानं कुठं सुरणाचा मळा घेतलाय का. वहिनी तेव्हा हसली नव्हती. मी जंतूंचा प्रवास ओळखणारा मनुष्य, समोरच्या पानात काय वाढलंय ते मला ओळखता आलं नाही.

तसाच उठून अण्णाकडे गेलो. तो झोपाळ्यावर बसून होता. मी म्हणालो, अण्णा, ते तपासून घ्यायला हवं. तो म्हणाला, कशाला? मी म्हणालो, रक्त जातंय. तो म्हणाला, मूळव्याध. मी म्हणालो, तेच कशावरून? त्यावर त्यानं बोटांवर मोजत मला माझंच व्याख्यान परत केलं. दात नाही, खाच नाही. खाच नाही, घर नाही. त्याला एक अक्षर चुकलं नाही. माझ्या एकाही विद्यार्थ्यानं असं कधी पाठ केलं नव्हतं.

"मी चुकीचं बोललो होतो," मी म्हणालो.

"भाषणात चुकलास, का आत्ता चुकतोयस?"

घाबरलेल्या माणसाला हवा तो दाखला एकदा मिळाला की तो परत घेता येत नाही. आणि अण्णा घाबरला होता. झोपाळा इतक्या जोरात मी त्याला कधीच हलवताना पाहिला नव्हता.

मी भांड्यांच्या दुकानाची माडी चढलो. ह्या खेपेला तोंडात नळी नव्हती, म्हणून सगळं सांगितलं: व्याख्यान, दाखला, टाळ्या, वहिनी. डॉक्टरीण ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परीक्षेत कोरा पेपर पाहून माझ्या चेहऱ्यावर जे यायचं तसं काहीतरी होतं.

"त्यांचे दात कशानं गेले?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, आपले आपण पडले.

"दात आपले आपण पडत नाहीत, सर."

मग कळलं की बहुधा अण्णाच्याही हिरड्या वर्षानुवर्षं माझ्यासारख्याच सुजत, रक्त सोडत होत्या, आणि कुणी पाहिलं नाही. जंतूंना घर नव्हतं असं नाही. त्यांनी ते घर राहून, खाऊन, पाडून टाकलं होतं. शिवाय जीभ आहे, गाल आहेत, कवळी आहे. जंतूंना जागेची टंचाई कधीच नसते. पण हे सगळं तिनं एका बाजूला सारलं आणि म्हणाली, हिरड्यांचा आणि त्या रक्ताचा संबंध लावत बसूच नका. दात असोत, नसोत, ह्या वयात रक्त गेलं तर आत पाहायलाच हवं. हिरड्यांच्या जंतूंचं जे काय ठरायचं ते शास्त्रज्ञ ठरवतील. तुमच्या भावाचं ह्या आठवड्यात ठरवा.

कवळी टोचते का ते दाखवू, असं सांगून वहिनीनं अण्णाला तिथं आणलं. कवळी टोचत होतीच, खिशात राहून राहून तिचा आकार बिघडला असावा. डॉक्टरणीनं ती उजेडात धरली आणि तिच्या आतल्या बाजूचा पिवळट थर त्याला नखानं खरवडून दाखवला. अण्णा बघत राहिला. मग ती हातमोजे काढून त्याच्यासमोर स्टुलावर बसली आणि तमिळमधे, वडीलधाऱ्यांना लावतात ते "अय्या" लावून, सरळ म्हणाली, "अय्या, तुमच्या भावाला ह्यातलं काहीही कळत नाही. त्यांचं ऐकू नका."

अण्णाचा चेहरा खुलला. हे कुणीतरी शिकलेल्या माणसानं म्हणावं ह्याची तो कित्येक वर्षं वाट पाहत होता. पुढं ती जे बोलली ते सगळं त्यानं मान हलवत ऐकलं.

"बरं," तो शेवटी मराठीत म्हणाला. "पण धाकट्या, आधी तू."

आमच्या घरात थोरल्यानं आधी जेवायचं, आधी नहायचं, आधी बोलायचं. उभ्या आयुष्यात त्यानं मला पहिल्यांदाच पुढं जायला सांगितलं, आणि ते ह्या कामासाठी. मी पोटाच्या डॉक्टरांकडे तक्रार करून पाहिली, की मला काही होत नाहीये. ते म्हणाले, तुमच्या वयाला एकदा बघून घेतलेलं चांगलंच. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणालो.

आदल्या दिवशी पोट रिकामं करायचं औषध प्यायचं असतं. एक पूड पाण्यात कालवायची आणि थोडी थोडी करून ते सगळं पाणी संपवायचं. चव अशी की समुद्रात लिंबू पिळलंय. अण्णानं ठरवलं, दोघांनी त्याच्याच घरी, एकमेकांसमोर प्यायचं, कारण त्याचा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. तो टंबळर वर धरून धार सोडत होता. जिभेला न लागता थेट घशात गेलं तर चव कळणार नाही, असा त्याचा हिशेब. मी म्हणालो, आता निदान आज तरी ओठ लावून पी, सांडतंय. तो म्हणाला, मरताना वाटलं तर लावीन. वहिनी आत निघून गेली. अण्णाला आपण काय बोललो ते कळलं, आणि पुढचा टंबळर त्यानं एका दमात संपवला.

घराला संडास एकच, परसाच्या टोकाला, नारळाच्या झाडापलीकडे. औषध दोघांच्या पोटात साधारण एकाच वेळी जागं झालं. इथं मात्र त्यानं आपलं थोरलेपण परत घेतलं. दार आतून बंद करून तो निवांत बसे आणि मी बाहेर नारळाला धरून त्याला कळवळून विनवत असे. आतून उत्तर येई, "तुझ्या जंतूंना सांग, थोडं थांबा." दोन म्हातारे धोतर सावरत परसातून धावतायत, हे वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती. त्या सबंध महिन्यात मी तिला तेव्हाच हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात मला गुंगी देऊन आत नेलं आणि बाहेर आणलं. काही नव्हतं. मग अण्णाला नेलं. त्याला वेळ लागला. वहिनी खुर्चीच्या अगदी कडेला बसून होती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आतड्यात देठ असलेल्या अळंबीसारख्या काही गाठी होत्या. त्या दुर्बिणीतूनच कापून काढल्या आणि तपासायला पाठवल्या. त्यांतली एक मोठी होती आणि तिचं रूप त्यांना पसंत नव्हतं. आता निकालाची वाट पाहायची.

त्या वाट पाहण्याच्या दिवसांत अण्णा रोज सकाळी आमच्याकडे येऊन ओट्यावर बसायचा. वर्तमानपत्र उघडायचा आणि एकच पान धरून ठेवायचा. मीही बसायचो. गप्प राहण्याची मला सवय नाही. इतका वेळ तोंड बंद मी त्याआधी फक्त परीक्षेच्या हॉलमधे ठेवलं असेल.

एकदा त्यानं विचारलं, "हे खरंच त्या जंतूंनी केलं असेल का रे?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"भाषणात तर माहीत होतं."

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. डॉक्टर सावकाश बोलले. मोठ्या गाठीतल्या पेशी बिघडायला लागल्या होत्या. पण बिघाड वरच्या वरच होता, देठापर्यंत उतरला नव्हता, आणि गाठ मुळापासून निघाली होती. आणखी काही करायला नको. पुढच्या वर्षी परत येऊन बघून घ्यायचं, आणि मधे पुन्हा रक्त गेलं तर सुरण खात बसायचं नाही. हे त्यांना वहिनीनं सांगितलं असणार.

अण्णा म्हणाला, "म्हणजे झालं?" डॉक्टर म्हणाले, झालं. अण्णानं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा वहिनीनं एकच प्रश्न केला, नाही आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, किती दिवसांनी काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. आलात ते बरं केलंत. वहिनीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं आतड्याचं चित्र फार लक्षपूर्वक पाहत होतो.

बाहेर पडलो तर अण्णा घराच्या दिशेला वळेचना. त्याला जवळच्या तिरुवैयारूला जायचं होतं, आत्ताच्या आत्ता, बसनं, तिथला मूगडाळीचा अशोका हलवा खायला. वहिनी म्हणाली, डॉक्टरांना विचारलंत का? तो म्हणाला, विचारतो, आणि बसमधे चढला. वाटेभर कालव्यांना पाणी होतं आणि शेतात लावणी चालली होती. तो सगळं नवीन असल्यासारखा बघत होता. उतरल्यावर नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दुकानासमोर उभा राहिला. दुकानदारानं गरम हलवा पानावर घालून दिला. तुपानं पान चमकत होतं.

अण्णानं ते पान घेतलं आणि वहिनीपुढं धरलं. रस्त्यावर उभं राहून खायचं म्हणजे वहिनीला कधी न जमलेली गोष्ट. ती इकडं तिकडं बघायला लागली.

"खा," तो म्हणाला. "भांडलीस तू."

तिनं तिथंच, येणाऱ्या जाणाऱ्यांच्या देखत, पान हातात घेऊन खाल्लं. डोळे पुसत खाल्लं, पण सगळं खाल्लं. मग त्यानं स्वतःसाठी दुसरं पान मागितलं. मला कुणी विचारलं नाही. मी दुकानदाराकडे हात पुढे करून माझं माझं मागून घेतलं.